खाल्लेले अंगी का लागत नाही

‘अंगात रक्त कमी आहे’ असे कोणी म्हणाले की त्यापाठोपाठ दोन सल्ले ठरलेले असतात: रक्ताची गोळी सुरू करा आणि खाण्यापिण्याकडे लक्ष द्या. बहुसंख्य माणसांच्या बाबतीत ते चुकीचे नसतात, कारण जगभरातल्या रक्तक्षयाचे सर्वांत मोठे कारण लोहाची कमतरता हेच आहे. सिकलसेल या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकवणाऱ्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णाला मात्र यांतला पहिला सल्ला अपाय करू शकतो, आणि दुसरा योग्य असला तरी बहुतेक वेळा भलत्याच कारणासाठी दिला जातो. माझी नोकरीतली बहुतेक वर्षे पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत रक्ताच्या स्लाईड पाहण्यात गेली आणि माझ्या थोरल्या बहिणीच्या मुलीला सिकलसेल आहे, त्यामुळे हा आजार मला रिपोर्टातल्या आकड्यांतून जितका दिसला तितकाच तिच्या जेवणाच्या ताटातूनही दिसत आला आहे. आजारपणात कुटुंबाची सारी चिंता ‘हिला खायला काय द्यायचे म्हणजे हिमोग्लोबिन वाढेल’ या एका प्रश्नापाशी येऊन थांबते. माझ्या मते मुळात तो प्रश्नच वेगळ्या रीतीने विचारायला हवा.

अशा रुग्णाच्या रक्ताची स्लाईड रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली की प्रथम नजरेत भरतात त्या दोन्ही टोकांना निमुळत्या, विळ्याच्या पात्यासारख्या वाकलेल्या पेशी. पण थोडा वेळ थांबून पाहिले की त्यांच्या आसपास जे दिसते ते मला अधिक बोलके वाटते. नेहमीच्या तांबड्या पेशींहून आकाराने मोठ्या, किंचित निळसर झाक असलेल्या पेशी जागोजागी विखुरलेल्या असतात; या अस्थिमज्जेतून, म्हणजे हाडांच्या आतल्या रक्तपेशी घडवणाऱ्या मगजातून, नुकत्याच बाहेर पडलेल्या, पुरत्या न पिकलेल्या पेशी. मध्येच एखादी केंद्रकासह बाहेर आलेली पेशी दिसते, जी एरवी मज्जा सोडून रक्तात येतच नाही. काही पेशींच्या आत जांभळा, गोल ठिपका राहिलेला असतो. तो काढून टाकण्याचे काम प्लीहेचे, म्हणजे पोटात डावीकडे असलेल्या रक्त गाळणाऱ्या अवयवाचे, आणि ठिपका शिल्लक आहे याचा अर्थ प्लीहेने काम थांबवले आहे. रक्तपेशी मोजणारे यंत्र या केंद्रकवाल्या पेशींना कधीकधी पांढऱ्या पेशी समजून मोजते आणि पांढऱ्या पेशींचा आकडा फुगवून दाखवते, म्हणून तो आकडा स्लाईड पाहून दुरुस्त करावा लागतो. लोहाच्या कमतरतेची स्लाईड याच्या नेमकी उलट असते. तिथल्या पेशी लहान आणि फिकट असतात, कच्चा माल नसल्यामुळे मज्जा थंडावलेली असते. सिकलसेलमध्ये मज्जा रात्रंदिवस राबत असते आणि तरीही तिचे उत्पादन पुरे पडत नाही.

हे का घडते ते आता पुरेसे उलगडले आहे. शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी १९१० साली ग्रेनडाहून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तातील या वाकड्या पेशींचे वर्णन प्रसिद्ध केले. १९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच असल्याचे दाखवले, आणि पुढे काही वर्षांतच व्हर्नन इन्ग्रॅम यांनी तो नेमका कुठे आहे तेही सांगितले: हिमोग्लोबिनच्या बीटा नावाच्या प्रथिनसाखळीतील सहाव्या जागी ग्लुटामिक अॅसिड या अमिनो आम्लाऐवजी व्हॅलीन हे दुसरे अमिनो आम्ल. एवढ्याशा बदलामुळे ऑक्सिजन सोडल्यावर हे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून लांब दोऱ्यांसारखे गोठते आणि पेशी ताठ होऊन वाकते. अशी पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकते तेव्हा असह्य वेदना होतात, ज्याला रुग्ण आणि डॉक्टर दोघेही क्रायसिस म्हणतात. अडकली नाही तरी ती लवकर फुटते. पोषणाच्या दृष्टीने सारा मुद्दा या लवकर फुटण्यात आहे.

निरोगी माणसाची तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. सिकलसेलच्या रुग्णाची साधारण १० ते २० दिवस. एरवी चार महिन्यांत एकदा बदलायच्या पेशी इथे दोन-तीन आठवड्यांत बदलाव्या लागतात. त्यासाठी मज्जा कित्येक पटींनी अधिक काम करते आणि त्या कामाला प्रथिने लागतात, ऊर्जा लागते, फोलेट हे ब गटातले जीवनसत्त्व लागते. रक्त पातळ असल्यामुळे तेवढाच ऑक्सिजन पोचवण्यासाठी हृदयालाही दर मिनिटाला अधिक रक्त फेकावे लागते. आजार शांत असतानाही शरीरात एक मंद दाह (इन्फ्लमेशन) चालू राहतो आणि तोही आपला वाटा उचलतो. या साऱ्याचा परिणाम म्हणून रुग्ण नुसता पडून असला तरी त्याचे शरीर समवयस्क निरोगी माणसापेक्षा अधिक ऊर्जा जाळते. काही मोजमापांत हा फरक २० टक्क्यांच्या आसपास भरला आहे. एखाद्या घराची मिळकत शेजारच्या घराइतकीच असावी, पण दर पंधरवड्याला घराची एक भिंत पडावी आणि ती पुन्हा बांधावी लागावी, तसा हा संसार आहे. शेजाऱ्याइतकेच खाऊन हे मूल शेजाऱ्याच्या मुलाइतके वाढत नाही, यात आईच्या हाताचा दोष नसतो.

माझ्या बहिणीला ही गोष्ट पटायला फार वेळ लागला, कारण तिला भेटणारा प्रत्येक जण आधी मुलीच्या मनगटाकडे पाहायचा आणि मग तिच्याकडे. भाची वर्गात सर्वांत बुटकी होती, बरोबरीच्या मुलींची पाळी सुरू झाली तरी हिची झाली नाही, आणि या दोन्ही गोष्टींचा संबंध रक्ताशी आहे हे कोणी स्पष्टपणे सांगितले नव्हते. सिकलसेलच्या मुलांची उंची आणि वजन बालपणापासून मागे पडू लागते आणि वयात येणे साधारण एक-दोन वर्षांनी लांबते. पुष्कळ मुले उशिरा का होईना उंची गाठतात. ही माहिती आईवडिलांना वेळेवर मिळाली तर त्यांचा निम्मा घोर मिटेल. मात्र ‘या आजारात असेच असते’ असे म्हणून मोकळे होणेही मला मान्य नाही. १९८५ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात वाढ खुंटलेल्या मोजक्या सिकलग्रस्त मुलांवरचे एक निरीक्षण आले होते: नाकातून नळीने जादा आहार दिल्यावर त्यांची वाढ वेगाने झाली आणि आजाराचा त्रासही उतरला. मुले फारच थोडी होती, त्यामुळे त्यावरून मोठे निष्कर्ष काढता येत नाहीत, पण एवढे कळते की खुंटलेल्या वाढीचा एक भाग निव्वळ न भागलेली भूक असतो. फुटणाऱ्या पेशी अन्नाने थांबत नाहीत. पण त्या पुन्हा उभारताना हाडे आणि स्नायू यांच्या वाट्याचे जे काढून घेतले जाते, ते अन्नाने बऱ्याच अंशी भरून देता येते.

इथेच एका अनाठायी पथ्याबद्दल लिहायला हवे. तांबड्या पेशी फुटल्या की त्यांतून बिलिरुबिन हे पिवळे रंगद्रव्य तयार होते आणि डोळे पिवळसर दिसतात. हे पिवळेपण सिकलसेलच्या रुग्णात कायमचे कमीअधिक प्रमाणात असते. प्रयोगशाळेत रक्त फिरवून वेगळा केलेला वरचा द्रवही नेहमीपेक्षा गडद पिवळा येतो. पण डोळे पिवळे म्हणजे कावीळ आणि कावीळ म्हणजे यकृताचा आजार असे गृहीत धरून मुलाचे तेल, तूप, अंडी, दूध बंद केले जाते. ज्या शरीराला इतरांहून अधिक उष्मांक हवेत त्याच्याकडूनच उष्मांकांचा सर्वांत सोयीचा स्रोत काढून घेणारे हे पथ्य आहे, आणि ते पाळणारे घर ते प्रेमाने पाळत असते, म्हणून त्याचा अधिक त्रास होतो. याच बिलिरुबिनचे पित्ताशयात खडे होतात, लहान वयातही होतात, आणि जेवणानंतर उजव्या बाजूला बरगडीखाली दुखू लागते. तशी तक्रार असेल तर सोनोग्राफी करून घ्यावी. डोळ्यांचा पिवळेपणा नेहमीपेक्षा एकाएकी वाढला तर डॉक्टरांना दाखवावे. नेहमीच्या पिवळेपणासाठी ताट कोरडे करू नये.

भूक हाही वेगळा विषय आहे. क्रायसिसच्या आधी एक-दोन दिवस भाचीचे जेवण निम्म्यावर येते, हे आता घरात सर्वांना ठाऊक झाले आहे. ‘मावशी, तोंडाला चवच नाही’ असे ती म्हणाली की मी जेवणाचा आग्रह सोडते आणि पाण्याची बाटली पुढे करते. प्रत्यक्ष क्रायसिसमध्ये ताप आणि दाह यांमुळे शरीराची गरज वाढलेली असते, आणि नेमके तेव्हाच खाणे जवळजवळ थांबते. वेदनेवरच्या तीव्र औषधांनी मळमळ होते, पोट साफ होत नाही. रुग्णालयातून परतल्यावर वजनकाटा दाखवतो ते नुकसान त्या चार-सहा दिवसांतले असते, आणि वर्षातून असे तीन-चार फेरे झाले तर मधल्या काळात ते भरून निघत नाही. म्हणून बरे वाटू लागल्यावरचे पहिले दोन आठवडे मला सर्वांत महत्त्वाचे वाटतात. त्या काळात दिवसातून पाच-सहा वेळा थोडेथोडे, प्रथिने आणि स्निग्धांश असलेले खाणे द्यावे. नेमके तेव्हाच ‘आता हलके खा’ असे सांगितले जाते.

पाण्याबद्दल मात्र मला कितीही लिहिले तरी कमीच वाटेल. पेशीतले सिकल हिमोग्लोबिन किती लवकर गोठेल हे पेशीत ते किती दाट आहे यावर विलक्षण प्रमाणात अवलंबून असते. दाटपणात थोडासा फरक पडला तरी गोठायला लागणारा वेळ कित्येक पटींनी बदलतो. हा वेळच निर्णायक असतो, कारण बारीक वाहिनीतून पार होण्याइतकी सवड मिळाली तर पेशी पुढे जाऊन पुन्हा ऑक्सिजन घेते आणि पूर्ववत होते. शरीर कोरडे पडले की पेशीतले पाणीही घटते आणि ही सवड आखडते. त्यात या आजारात मूत्रपिंडाची लघवी दाट करण्याची क्षमता लहानपणीच क्षीण होते. निरोगी माणूस कमी पाणी प्याला तर त्याची लघवी गडद होते आणि शरीर पाणी राखून ठेवते. सिकलसेलच्या रुग्णाची लघवी तो तहानलेला असतानाही फिकटच राहते. ‘लघवी पिवळी दिसली की पाणी प्यावे’ हा सर्वत्र सांगितला जाणारा नियम त्यामुळे इथे भरवशाचा नाही. रात्री अंथरूण ओले करणाऱ्या मुलाला संध्याकाळनंतर पाणी न देण्याची रीत तर इथे धोक्याची आहे. त्या मुलाला रात्री उठवावे, हवे तर अंथरूण बदलावे, पण पाणी तोडू नये. शाळेत तास चालू असताना पाणी पिण्याची आणि लघवीला जाण्याची मोकळीक मिळावी म्हणून माझ्या बहिणीला लेखी अर्ज करावा लागला. ही साधी परवानगी कोणत्याही टॉनिकपेक्षा अधिक उपयोगाची आहे असे माझे ठाम मत आहे.

आता रक्ताची गोळी. तांबडी पेशी प्लीहेत, यकृतात किंवा मज्जेत मोडली तर तिच्यातले लोह वाया जात नाही. शरीर ते राखून पुन्हा वापरते. त्यामुळे सिकलसेलमध्ये रक्त कमी असले तरी लोह कमी असेलच असे नाही. ज्यांना वरचेवर रक्त चढवावे लागते त्यांच्याकडे तर ते साचत जाते: रक्ताच्या एका पिशवीतून सुमारे २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात येते आणि शरीर दिवसाला जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम लोह बाहेर टाकू शकते. जादा लोह यकृतात, अंतःस्रावी ग्रंथींत, क्वचित हृदयात साठते, आणि ते काढण्यासाठी वेगळी औषधे घ्यावी लागतात. अशा रुग्णाला हिमोग्लोबिन सातवर आले म्हणून लोहाची गोळी लिहून देणे किती विपरीत आहे ते वेगळे सांगायला नको, तरी माझ्या भाचीला ती एकाहून अधिक वेळा लिहून मिळालेली आहे. दुसरीकडे, सिकलसेलमध्ये लोहाची कमतरता कधी होतच नाही असे म्हणणेही चूक ठरेल. काही पेशी रक्तवाहिनीतच फुटतात आणि त्यांतले लोह लघवीवाटे जाते. मासिक पाळी येणाऱ्या, रक्त न चढवलेल्या मुलींमध्ये खरीखुरी कमतरता आढळते. म्हणून तपासल्याशिवाय गोळी द्यायची नाही आणि तपासल्याशिवाय ती नाकारायचीही नाही. तपासणीतही एक मेख आहे. फेरिटिन हा लोहसाठ्याचा नेहमीचा मापदंड दाह असला की आपोआप वाढतो, त्यामुळे क्रायसिसमध्ये घेतलेल्या नमुन्यातले फेरिटिन साठ्याविषयी फारसे काही सांगत नाही. ते रुग्ण बरा असताना, लोहाच्या इतर चाचण्यांसोबत पाहावे लागते, आणि पुष्कळ रक्त चढवलेल्या रुग्णात यकृतातले लोह एमआरआयने मोजणे अधिक विश्वासाचे असते.

फॉलिक अॅसिडची गोष्ट साधी आहे. नवी पेशी घडवताना फोलेट खर्ची पडते म्हणून रोज एक मिलिग्रॅमची गोळी देण्याचा प्रघात अनेक दशके चालत आला आहे. तिचा फायदा सिद्ध करणारे पुरावे तुटपुंजे आहेत, पण तर्क सरळ आणि गोळी निरुपद्रवी, म्हणून ती टिकून आहे. तिच्या आड ब जीवनसत्त्वातील बी-१२ची कमतरता मात्र लपू शकते: रक्ताचे चित्र सुधारते आणि मज्जातंतूंची हानी चालूच राहते. हायड्रॉक्सियुरिया हे सिकलसेलवरचे औषध घेणाऱ्यांत तर तांबड्या पेशींचा आकार त्या औषधामुळेच वाढतो, त्यामुळे मोठ्या पेशी दिसल्या की बी-१२ आठवण्याची आम्हा प्रयोगशाळेतल्या माणसांची सवय तिथे उपयोगी पडत नाही. प्राणिजन्य पदार्थ न खाणाऱ्या रुग्णाने बी-१२ स्वतंत्रपणे तपासून घेतलेले बरे.

झिंकबद्दल थोडे रेंगाळावेसे वाटते. माणसाची वाढ झिंकअभावी खुंटू शकते हे आनंद प्रसाद यांनी १९६०च्या दशकात इराण आणि इजिप्तमधल्या तरुणांच्या अभ्यासातून दाखवले, आणि पुढे त्यांनीच सिकलसेलच्या रुग्णांत लघवीवाटे झिंक अधिक जाते आणि त्याची कमतरता निर्माण होते, हे मांडले. बुटकेपणा, लांबलेले वयात येणे, न भरणाऱ्या जखमा, वारंवार होणारे संसर्ग या साऱ्यांत झिंकचा वाटा असू शकतो. पण १९७८ साली त्यांच्याच एका सिकलग्रस्त रुग्णात दीर्घकाळ दिलेल्या झिंकमुळे तांब्याची कमतरता झाल्याचे आढळले, कारण आतड्यात झिंक तांब्याला आत येऊ देत नाही. आणि तांब्याच्या अभावाने स्वतंत्रपणे रक्तक्षय होतो. हाच दुष्परिणाम पुढे विल्सन्स डिसीज या तांबे साचण्याच्या आजारात उपचार म्हणून वापरला गेला, ही वैद्यकातली एक मजेदार वळणवाट. रुग्णाच्या घरच्यांनी यातून घ्यायचे ते इतकेच की झिंकची बाटली दुकानातून आणून मनाला येईल तितके दिवस चालवू नये.

ड जीवनसत्त्व या रुग्णांत फार मोठ्या प्रमाणावर कमी आढळते आणि हाडे आधीच रक्ताअभावी झिजत असल्याने ते तपासून भरून काढावे. माशांच्या तेलातील ओमेगा-३ने सुदानमधल्या मुलांत क्रायसिस कमी झाल्याचा २०१३चा अभ्यास आशादायक आहे. ग्लुटामाइन या अमिनो आम्लाला २०१७ साली अमेरिकेत औषध म्हणून मान्यता मिळाली, पण ते ठरावीक मात्रेत घ्यायचे औषध आहे, खाण्यात प्रथिने वाढवून त्याची जागा भरत नाही.

राहता राहिला हिमोग्लोबिनचा आकडा. सिकलसेलच्या रुग्णाचे बरे असतानाचे हिमोग्लोबिन बहुधा ६ ते ९च्या दरम्यान असते आणि त्याचे शरीर त्या पातळीला सरावलेले असते. शिवाय या रक्तात हिमोग्लोबिन १०-११च्या पुढे नेले तर रक्त दाटते आणि अडकण्याचा धोका वाढतो, म्हणून रक्त चढवतानाही डॉक्टर त्या आसपास हात आवरता घेतात. १२चा रिपोर्ट हे इथे ध्येयच नाही. त्या व्यक्तीचा नेहमीचा आकडा किती, आणि आजचा त्याहून किती खाली आहे, हे पाहायचे असते. त्याच्या जोडीला रेटिक्युलोसाइट म्हणजे नव्या पेशींची टक्केवारी हवी. नेहमी ती १०च्या पुढे असणाऱ्या मुलाची एकाएकी एकच्या खाली आली, तर बहुधा पार्वो विषाणूने मज्जा काही दिवसांसाठी बंद पाडलेली असते. पेशी पंधरवडाच जगत असल्याने अशा वेळी हिमोग्लोबिन काही दिवसांत धोकादायक पातळीला उतरते आणि तेव्हा रक्त चढवण्याला पर्याय नसतो. भाचीच्या फाइलच्या आतल्या पुठ्ठ्यावर मी तिचे बरे असतानाचे हिमोग्लोबिन, रेटिक्युलोसाइट, उंची आणि वजन दर सहा महिन्यांनी लिहून ठेवते. रात्री अपरात्री तिला न ओळखणाऱ्या डॉक्टरांपुढे उभे राहावे लागते तेव्हा त्यांची नजर सर्वांत आधी त्या चार आकड्यांवर जाते.

त्यांतली वजनाची ओळ अलीकडे वर सरकू लागली आहे, आणि ताटात काही विशेष बदल झालेला नाही. बदलले आहे ते एवढेच की ती नियमाने हायड्रॉक्सियुरिया घेते. हे औषध गर्भातल्या बाळाच्या रक्तात असते त्या प्रकारच्या हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढवते, ते हिमोग्लोबिन सिकलच्या दोऱ्या जुळू देत नाही, पेशी अधिक दिवस टिकतात आणि पुनर्बांधणीचा खर्च उतरतो. औषध घेणाऱ्या मुलांचा विश्रांतीच्या अवस्थेतला ऊर्जाखर्च कमी झाल्याचे मोजूनही पाहिले गेले आहे. पूर्वी मज्जेत खपणारे अन्न आता तिच्या अंगी लागते आहे. मात्र या औषधाची मात्रा वजनावर ठरते, सुरुवातीला किलोमागे १५ ते २० मिलिग्रॅम अशी, आणि वाढत्या वयात जुनीच मात्रा चालू ठेवली तर ती नकळत अपुरी पडत जाते. तिचे वजन तीन किलोंनी वाढले म्हणून बहिणीने आनंदाने फोन केला, तेव्हा पुढच्या तपासणीला जाताना रक्तपेशींच्या रिपोर्टासोबत हा नवा आकडाही डॉक्टरांपुढे ठेव आणि कॅप्सूलचा हिशेब नव्याने करून घे, असे मी तिला सांगितले.